वेब गाईड कंट्रोलर कोणत्या मोडमध्ये केव्हा ठेवावा : नव्या ऑपरेटरसाठी मार्गदर्शन

दुकानातून आणलेल्या चिवड्याच्या पाकिटावरील छपाई एका बाजूला सरकलेली असेल आणि मागच्या सांध्यात अक्षरे अर्धी दडपली गेली असतील, तर ती फिल्म छापताना, कापताना किंवा पाकीट बनवताना काही मिलिमीटर आडवी सरकली होती, असे बहुधा समजावे. फिल्म, कागद, ॲल्युमिनियम फॉइल, कापड किंवा नॉनवोव्हन (न विणता बनवलेले कापड) असा जो माल रोलवरून सलग उलगडत मशीनमधून जातो, त्याला या व्यवसायात वेब म्हणतात. तो धावताना डावी-उजवीकडे भरकटू नये म्हणून बसवलेली यंत्रणा म्हणजे वेब गाईड. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातील छपाई, लॅमिनेशन (थर एकमेकांवर चिकटवणे) आणि स्लिटिंगच्या (रुंद रोल अरुंद पट्ट्यांत कापण्याच्या) कारखान्यांत आयटीआय किंवा डिप्लोमा करून रुजू झालेल्या तरुणांना पहिल्याच आठवड्यात या यंत्रणेच्या कंट्रोलरसमोर उभे राहावे लागते, आणि बहुतेकांना एवढेच सांगितले जाते की ऑटोचे बटण दाबायचे आणि पुढे जायचे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कंट्रोलरवर मोड अनेक असले, तरी प्रत्येक मोड एकाच प्रश्नाचे उत्तर देत असतो : या क्षणी गाईडची फ्रेम कुठे असावी, हे कोण ठरवत आहे? मॅन्युअलमध्ये ते तुमचा हात ठरवतो, सेंटरमध्ये फ्रेमचा स्वतःचा मध्यबिंदू ठरवतो आणि ऑटोमध्ये वेबची कडा, मध्य किंवा छापील रेषा ठरवते. हे उत्तर मनात स्पष्ट असल्याशिवाय मशीन सुरू करू नये.

मोडकडे वळण्यापूर्वी यंत्रणेचे चार भाग ओळखून घ्या. सेन्सर वेबची कडा कुठे आहे ते पाहतो. कंट्रोलर ती जागा ठरवलेल्या जागेशी ताडून पाहतो. ॲक्च्युएटर, म्हणजे मोटर आणि स्क्रू असलेला सरकता दांडा, कंट्रोलरच्या आदेशानुसार ढकलतो किंवा ओढतो. चौथा भाग म्हणजे प्रत्यक्ष हलणारी फ्रेम. मशीनच्या मधल्या भागात ती सहसा दोन रोलर असलेली, एका काल्पनिक बिंदूभोवती फिरणारी चौकट असते, तर अनवाइंडर (जिथे रोल उलगडतो) आणि रिवाइंडरवर (जिथे तो पुन्हा गुंडाळला जातो) संपूर्ण स्टँडच आडवा सरकतो. फ्रेम किंचित वळली की वेब का सरकतो, हेही समजून घेतले पाहिजे. वेब ज्या रोलरवर येतो, त्या रोलरच्या अक्षाला तो काटकोनात येऊ पाहतो. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात जॉन शेल्टन यांनी १९६८ मध्ये धावत्या वेबच्या आडव्या हालचालीचे सविस्तर गणित मांडले, त्यातही हा नियम पायाभूत आहे. दोन रोलरच्या चौकटीत वेब एका रोलरकडून दुसऱ्याकडे तिरपा जातो आणि तेवढाच बाजूला बाहेर पडतो. दोन रोलरमधील अंतर ६०० मिमी असेल आणि चौकट ५ अंशांनी वळली, तर वेब सुमारे ५२ मिमी सरकतो. ३ अंशांना साधारण ३१ मिमी. म्हणजे गाईडची ताकद मर्यादित आहे, आणि ती मर्यादा दोन्ही बाजूंना सारखी शिल्लक ठेवणे हा ऑपरेटरच्या कामाचा मोठा भाग आहे.

बटणांवरील आणि पडद्यावरील नावे कंपनीगणिक बदलतात. कुठे जॉग म्हणतात, कुठे मॅन्युअल; कुठे सर्वो सेंटर, कुठे नुसते सेंटर. मशीनजवळ ठेवलेली पुस्तिका उघडून आपल्या कंट्रोलरवर कोणते चिन्ह कोणत्या मोडचे आहे, याची ओळख पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

पहिली पायरी : मॅन्युअल मोड

मॅन्युअलमध्ये डावीकडचा किंवा उजवीकडचा बाण दाबून ठेवला की ॲक्च्युएटर त्या दिशेने सरकतो आणि बोट उचलले की जिथे असेल तिथे थांबतो. सेन्सरचे वाचन पडद्यावर दिसत राहते, पण कंट्रोलर त्यावर काहीही कृती करत नाही. नव्या माणसाने मशीन बंद असताना, वेब नसताना, वरिष्ठ ऑपरेटर शेजारी उभा असताना फ्रेम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत या मोडमध्ये चालवून पाहावी. असे करताना तीन गोष्टी नोंदवाव्यात : डाव्या बाणाने फ्रेम खरोखर डावीकडेच जाते का, दोन्ही टोकांना ती अडखळल्याशिवाय पोहोचते का, आणि एकूण प्रवास किती मिलिमीटरचा आहे. हात फ्रेमच्या जवळ नसावा. ॲक्च्युएटरचा जोर बोट चिरडण्याइतका असतो, आणि कोणताही मोड हा सुरक्षिततेचा बंदोबस्त नसतो. फ्रेमला हात लावायचा असेल, तेव्हा वीज तोडून कुलूप लावण्याची कारखान्याची पद्धत पाळावी.

वेब ओवताना (रोलरांमधून हाताने ओढून घेताना), जॉइंट मारताना (संपत आलेल्या वेबला नव्या रोलचे टोक जोडताना) किंवा नवा रोल शाफ्टवर चढवून त्याची कडा जुन्या रोलच्या कडेशी जुळवताना मॅन्युअल उपयोगी पडतो. हे काम झाल्यावर तो सोडायचा राहून जातो, आणि मला सर्वाधिक वेळा दिसलेली चूक हीच आहे. जॉइंट मारला, मशीन चढवली, पहिली शंभर मीटर फिल्म योगायोगाने सरळ गेली, म्हणून पॅनेलकडे कोणी पाहिले नाही. पुढे रोलचा ताण बदलला आणि कडा हळूहळू भरकटली. गाईड चालू आहे असे वाटत राहिले, पण ती फक्त उभी होती.

दुसरी पायरी : सेंटर मोड

सेंटरचे बटण दाबल्यावर फ्रेम आपल्या प्रवासाच्या बरोबर मध्यावर येते आणि तिथेच स्थिर राहते. ही जागा ॲक्च्युएटरमधील स्वतःच्या स्थितिमापकावरून किंवा स्विचवरून ठरते. वेबच्या कडेचा तिच्याशी संबंध नसतो. ऑटोमध्ये जाण्याआधी दर वेळी सेंटरमधून जावे, असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण हिशेबातून दिसते. फ्रेमचा प्रवास मध्यापासून दोन्ही बाजूंना २५ मिमी असेल आणि मॅन्युअलमध्ये ती १५ मिमी डावीकडे राहिलेली असताना रोल त्या स्थितीशी जुळवून बसवला गेला, तर डावीकडे दुरुस्तीला केवळ १० मिमी उरतात. रोल थोडा वाकडा गुंडाळलेला निघाला की फ्रेम टोकाला टेकते आणि त्यापुढे कंट्रोलर कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही.

सेंटरचा आणखी एक उपयोग फारसा शिकवला जात नाही. मशीन कमी वेगाने सेंटर मोडमध्ये चालवावी आणि वेब नैसर्गिकपणे कुठून जातो ते पाहावे. गाईड मध्ये पडत नसल्यामुळे मशीनची स्वतःची खोड इथे उघडी पडते. वेब सतत एकाच बाजूला ओढला जात असेल, तर एखादा रोलर तिरपा बसला असेल, एका बाजूचे बेअरिंग जड फिरत असेल किंवा फिल्मची एक कडा सैल असेल. ऑटोमध्ये हाच दोष लपून राहतो, कारण गाईड त्याची भरपाई करत राहते आणि आपली निम्मी ताकद त्यातच खर्च करते. देखभाल विभागाकडे तक्रार नेताना ‘गाईड नीट चालत नाही’ असे न सांगता ‘सेंटरवर ठेवल्यास वेब अमुक मिलिमीटर उजवीकडे जातो’ असे सांगितले, तर काम पुष्कळ लवकर होते.

तिसरी पायरी : ऑटो मोड, आणि त्यातील निवड

ऑटो सुरू केला की सेन्सर जे दाखवेल त्यानुसार फ्रेम हलू लागते. पण सेन्सरने नेमके कशाकडे पाहायचे, याची निवड आधी करावी लागते, आणि ही निवड मालावर अवलंबून असते.

एका कडेवर चालवणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. डावा किंवा उजवा एक सेन्सर निवडला जातो, वेबची कडा सेन्सरच्या खाचेत साधारण अर्धी येईल असा तो बसवला जातो, आणि तो अर्धा झाकलेला राहावा यासाठी कंट्रोलर झटत राहतो. सेन्सरची जातही मालाप्रमाणे हवी. अपारदर्शक कागद आणि फॉइलसाठी इन्फ्रारेड चालतो. पारदर्शक फिल्ममधून मात्र तो प्रकाश आरपार जातो, म्हणून तिथे अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरतात. उलट, विरळ नॉनवोव्हनमधून आवाजाच्या लहरी निसटतात आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर फसतो. माल बदलला, पण सेन्सर तोच राहिला, तर ऑटो मोड वरवर चालू दिसतो आणि प्रत्यक्षात चुकीच्या कडेमागे धावत असतो.

मध्यावर चालवताना दोन्ही बाजूंचे सेन्सर वापरले जातात आणि दोन कडांच्या वाचनातील फरकावरून वेबचा मध्य ठरवला जातो. समजा, ८०० मिमी पन्ह्याची फिल्म पुढे जाऊन ८०६ मिमी झाली. एका कडेवर चालवत असाल, तर ती कडा जागेवर राहील आणि दुसरी ६ मिमी बाहेर जाईल. मध्यावर चालवत असाल, तर दोन्ही कडा ३-३ मिमी बाहेर जातील. स्लिटिंगमध्ये दोन्ही बाजूंनी सारखी पट्टी काढून टाकायची असेल किंवा दोन वेब एकमेकांवर चिकटवायचे असतील, तर मध्य हा बहुधा योग्य पर्याय ठरतो. पावसाळ्यात कागदावर काम करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत उघडा पडलेला कागद ओलावा धरतो, पन्हा बदलतो आणि कडा लहरी होतात. रोल शेवटच्या क्षणापर्यंत वेष्टनात ठेवावा आणि वेष्टन काढल्यावर पन्हा पुन्हा मोजावा.

रेषेवर चालवण्याचा मोड छापील मालासाठी असतो. छपाई कडेला समांतर असेलच असे नाही, आणि कापणी तर छपाईप्रमाणे व्हायला हवी. म्हणून सेन्सर छापलेल्या रेषेकडे किंवा छपाईच्या कडेकडे पाहतो. इथे रेषा आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक असावा लागतो. फिकट पिवळी रेषा पांढऱ्यावर असेल, तर सेन्सर गोंधळतो. रेषा तुटक असेल, तर मधल्या मोकळ्या जागेत कंट्रोलरने फ्रेम जागेवर धरून ठेवावी, अशी मांडणी आहे का ते तपासावे. सेन्सरला रेषा शिकवण्याची कृती प्रत्येक नव्या डिझाइनच्या वेळी करावी लागते. छपाईत शेजारी तशीच दुसरी रेषा असेल, तर सेन्सर तिच्यावर उडी मारू शकतो, म्हणून ग्राहकाकडून डिझाइन आल्यावरच मार्गदर्शक रेषेभोवती काही मिलिमीटर जागा कोरी ठेवण्याची सूचना देणे मला फार महत्त्वाचे वाटते.

चौथी पायरी : दिशा तपासणे

ऑटो पहिल्यांदा सुरू करताना, किंवा सेन्सर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेल्यानंतर, दिशेची तपासणी टाळू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी चाकण परिसरातील एका स्लिटिंग मशीनवर आम्ही डावा सेन्सर नादुरुस्त झाला म्हणून उजव्या बाजूचा वापरायला घेतला, पण कंट्रोलरमधील निवड डावीचीच राहिली. मशीन वेगात येताच फ्रेम दुरुस्ती करण्याऐवजी कडा आणखी बाहेर ढकलू लागली. जितकी कडा बाहेर, तितका कंट्रोलरचा जोर त्याच दिशेने अधिक. काही सेकंदांत फ्रेम टोकाला टेकली, फिल्मला चुण्या पडल्या आणि जवळजवळ भरलेला रोल बाजूला ठेवावा लागला. मशीन थांबवून केलेल्या एका मिनिटाच्या तपासणीत हे टळले असते.

ती तपासणी अशी : मशीन थांबलेली असावी, वेबचा ताण काढलेला असावा, सर्वांचे हात बाहेर असावेत. फ्रेम सेंटरवर आणा, मग ऑटो दाबा आणि कागदाच्या जाड तुकड्याने सेन्सर पूर्ण झाका. सेन्सर झाकला जाणे म्हणजे वेब त्या बाजूला जास्त गेला आहे, असे कंट्रोलरला सांगणे. म्हणून फ्रेमने वेबला विरुद्ध बाजूला नेणारी हालचाल केली पाहिजे. तुकडा काढून सेन्सर मोकळा केला, तर फ्रेम उलट फिरली पाहिजे. तसे होत नसेल, तर मेनूमधील दिशा उलटी करून पुन्हा तपासा. रिवाइंडरवर मात्र वेगळा विचार करावा लागतो. तिथे सेन्सर सरकत्या स्टँडलाच जोडलेला असतो आणि स्टँड येणाऱ्या वेबच्या मागे जातो. अनवाइंडरवर सेन्सर जमिनीशी स्थिर असलेल्या जागेवर असतो आणि स्टँड वेबला आणून सोडतो. रिवाइंडरवर वेब उजवीकडे आला, तर स्टँडनेही उजवीकडेच जायला हवे. अनवाइंडरवर ते उलट असते.

पाचवी पायरी : थांबलेल्या मशीनवर ऑटो चालू न ठेवणे

फ्रेम वळल्याचा परिणाम वेब धावत असतानाच पूर्णपणे दिसतो. मशीन उभी असताना कडा थोडी जरी चुकीच्या जागी असेल, तरी कंट्रोलर फ्रेम हलवतो. वेब पुढे जात नसल्यामुळे सेन्सरचे वाचन पुरेसे बदलत नाही. म्हणून कंट्रोलर आणखी हलवतो, आणि अखेर फ्रेम टोकाला पोहोचते. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर वेब एकदम बाजूला उडी मारतो. यावर उपाय म्हणजे मशीनच्या ड्राइव्हकडून चालू-बंदचा सिग्नल कंट्रोलरला जोडणे, म्हणजे मशीन थांबताच ऑटो आपोआप रोखला जातो आणि वेग आल्यावर पुन्हा सुरू होतो. वेब तुटल्यावरही असेच रोखले जाणे गरजेचे आहे, नाहीतर रिकामा सेन्सर पाहून फ्रेम एका बाजूला धावते. तुमच्या मशीनवर हे सिग्नल जोडलेले आहेत का, ते इलेक्ट्रिशियनला विचारून खात्री करून घ्या. नसतील, तर थांबण्याआधी सेंटर दाबण्याची सवय हाच उपाय उरतो.

आपल्याकडे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात गुरुवारची सुट्टी असते. त्यामुळे शुक्रवारच्या पहिल्या पाळीत वीज नव्याने आलेली असते, सेन्सरवर धूळ बसलेली असते आणि कंट्रोलर चालू होताना कोणत्या मोडमध्ये जागा होतो हे प्रत्येक कंपनीच्या यंत्रात वेगळे असते. त्या सकाळी क्रम असा ठेवावा : सेन्सर कोरड्या मऊ कापडाने पुसणे, मॅन्युअलमध्ये दोन्ही टोकांपर्यंत चालवणे, सेंटर, वेब ओवणे, कमी वेग, ऑटो, आणि मगच वेग वाढवणे.

गेन आणि गाईड पॉइंट

ऑटो बरोबर दिशेने चालला, तरी तो किती जोराने प्रतिसाद देतो हे गेनवर ठरते. गेन कमी असेल, तर कडा हळूहळू परत येते आणि तोवर बराच माल चुकीचा जातो. गेन जास्त असेल, तर फ्रेम एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी थरथरत राहते आणि गुंडाळलेल्या रोलच्या बाजूवर लाटा दिसतात. नेहमीच्या वेगावर मशीन चालू असताना गेन थोडा-थोडा वाढवत न्यावा. फ्रेम थरथरू लागताच तो मागे घ्यावा आणि थरथर पूर्ण थांबेल तिथे ठेवावा. सेन्सर फ्रेमच्या बाहेर पडणाऱ्या रोलरपासून लांब असेल, तर दुरुस्ती झाल्याचे कळायला उशीर होतो आणि गेन कमीच ठेवावा लागतो. सेन्सर जवळ आणता येत असेल, तर गेनशी झुंजण्यापेक्षा तो जवळ आणणे केव्हाही चांगले. अल्ट्रासॉनिक सेन्सरवर जवळच्या पंख्याचा किंवा हवेच्या नळीचा झोत येत असेल, तरीही वाचन डगमगते आणि नवखा माणूस उगीच गेन बदलत बसतो. आधी झोत थांबवून पाहावे.

कडा दोन मिलिमीटर बाजूला हवी असेल, तर त्यासाठी ऑटो बंद करू नये. गाईड पॉइंट, म्हणजे कंट्रोलरने कडा जिथे धरून ठेवायची ती जागा, सरकवण्याची सोय ऑटो चालू असतानाच वापरायची असते. एका दाबाला तो किती सरकतो हे पुस्तिकेत पाहावे, आणि प्रत्येक दाबानंतर वेबला स्थिरावायला वेळ द्यावा. काही कंट्रोलरमध्ये हा बिंदू सावकाश मागे-पुढे हलवत ठेवणारा ऑसिलेशनचा मोडही असतो. फिल्मचा एखादा पट्टा जरासा जाड असेल, तर रोलवर तो एकाच जागी साचून उंचवटा होतो; ऑसिलेशनने तो पसरतो. पण अशा रोलच्या कडा सरळ राहत नाहीत, त्यामुळे पुढच्या प्रक्रियेला ते चालणार आहे का, हे विचारूनच तो वापरावा.

पाळी बदलताना वहीत चार नोंदी कराव्यात : सध्याचा मोड आणि त्यातील निवड (डावी कडा, उजवी कडा, मध्य की रेषा), गेनचा आकडा, गाईड पॉइंटमधील बदल, आणि ऑटो चालू असताना फ्रेम मध्यापासून किती दूर आहे. चौथी नोंद बहुतेक वहीत सापडत नाही. ती दोन-तीन पाळ्या एकाच दिशेने वाढत गेलेली दिसली, तर पुढच्या थांब्याला मशीन सेंटर मोडमध्ये चालवून रोलर तपासायला घ्यावेत.